मेगापोडचं टेकाड सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात

निकोबार बेटांवरचा मेगापोड हा पक्षी अंड्यांवर बसत नाही, असं सांगितलं की आमच्या इमारतीतली पोरं विचारतात, "मग कोण बसतं, आजी?" कचरा बसतो! तो पाला-वाळूचं टेकाड रचून अंडी त्यात पुरतो आणि कुजणाऱ्या पाल्याची ऊबच ती उबवते. हे त्यांना पटवायचं तर ढीग रचूनच दाखवावा लागतो.

आमच्याकडे घोडबंदर रोडला फेब्रुवारीत बदामाची पानं पोत्यांनी पडतात. पाच-सहा पोती पुरतात. झाडूवाल्या मावशींना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, नाहीतर सकाळच्या गाडीत सगळं गेलंच म्हणून समजा.

कोपरा सावलीचा हवा. हा पक्षीही उघड्या पुळणीवर रचत नाही, किनाऱ्याला लागून झाडी सुरू होते तिथे रचतो. म्हणून तर 26 डिसेंबर 2004च्या त्सुनामीत त्याची बरीच टेकाडं वाहून गेली. आकाराने कोंबडीएवढाच, पण पाय कुदळीसारखे. त्यांनी तो प्रवाळाची वाळू, शिंपल्यांचा चुरा, पानं, काटक्या ओढून आणतो. आपण खाडीची वाळू उपसू नये. कुणाच्या तरी फरशीकामातली दोन घमेली रेती उरलेली असतेच.

पानांचा थर, त्यावर पाणी, मूठभर शेणखत, वर पातळ रेती, असं कमरेएवढं चढवा. पानं मुठीत पिळली तर तळवा ओला व्हावा, थेंब गळू नये. मग लांब दांड्याचा थर्मामीटर मधोमध खुपसा. आकडा सकाळी सातलाच घ्या. मार्चच्या दुपारी ठाण्यात बाहेरच पारा छत्तिशी गाठतो, मग ढिगाचं श्रेय कुणाला द्यायचं?

पहिल्या वर्षी मी शेणखत सढळ हाताने घातलं. चौथ्या दिवशी आकडा 58! अंडं असतं तर उकडलंच असतं. मेगापोडला साधारण 33 अंश लागतात. पानं कुजली की ऊब आपोआप येते, ती आवरणं अवघड. चढली तर वरचा थर उकरून वाफ जाऊ द्या, आणखी रेती मिसळा. उतरली तर ओली पानं घाला. पक्षीही असाच ढीग उकरत-भरत राहतो, फक्त त्याच्याकडे थर्मामीटर नसतो.

आकड्यांची वही दोन महिन्यांहून जास्त चालवायची, कारण मेगापोडचं अंडं उबायला तेवढा काळ जातो. आमची पोरं तिसऱ्याच आठवड्यात परीक्षेच्या नावाखाली गळतात. त्यांना रोखायला मी पिल्लाची गोष्ट राखून ठेवते: अंड्यात निम्म्याच्या आसपास बलक, त्यामुळे पिल्लू आत चांगलं वाढतं, स्वतःच ढीग उकरत वर येतं आणि लवकरच उडायलाही लागतं. आई-बाप फिरकतही नाहीत.

ढीग पावसाआधी मोडा. खत मोगऱ्याला छान लागतं.