दोन पोरांची एक वही

घरात चार वर्षांचा थोरला आणि सात-आठ महिन्यांची धाकटी असली, की थोरल्याच्या वेळचं सगळं आठवतंय असं वाटतं. खरं तर आठवत नाही. ‘हा नवव्या महिन्यात चालला’ असं आजी छातीठोक सांगते; पण तेव्हा तो बाकाला धरून उभा होता की हात सोडून चालला, हे कुणीच सांगू शकत नाही. त्या अर्धवट आठवणीच्या मापानं मग धाकटीला मोजलं जातं. वही ठेवायची ती यासाठी.

वही शिवलेली, २०० पानी घ्या. पुढून थोरल्याचं लिहा, उलटी करून मागून धाकटीचं. जेल पेन नको. जून ते सप्टेंबर किनाऱ्याच्या हवेत कागद सर्द होतो आणि शाई फुटते. पेन्सिल चालते, साधं बॉलपेनही चालतं. कोनाड्यात ठेवलेल्या वहीला श्रावणापर्यंत बुरशी येते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

नोंदीत तारीख, वय आणि डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहा. ‘हुशार झाली’ याला नोंद म्हणत नाहीत. ‘पंच्याखाली लपवलेला चमचा पंचा ओढून काढला, दोनदा’ ही नोंद झाली. (हे साधारण ८-९ महिन्यांत दिसतं. त्याआधी वस्तू झाकली की बाळाच्या लेखी ती संपलीच.) नवी गोष्ट तीन वेगवेगळ्या दिवशी दिसली की तिच्यापुढे फुली मारा, कारण एकदाच घडलेली गोष्ट चुकून घडलेली असू शकते. बाळ महिनाभर आधी जन्मलं असेल तर दोन वर्षांपर्यंत वयातून तो महिना वजा करून बघा.

वजन अंगणवाडीत महिन्याच्या महिन्याला होतं, तोच आकडा उतरवून घ्या. घरच्या उभं राहायच्या काट्यावर बाळाला कडेवर घेऊन, मग आपलं वजा करून काढलेलं वजन सहज २०० ग्रॅमनी चुकतं. त्यावरून ‘वजन वाढलं नाही’ म्हणून धास्ती घेऊ नका. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. पुढे ते पाच महिन्यांच्या आसपास दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होतं. चार वर्षांचं मूल मात्र वर्षाला दोनेक किलोच वाढतं, म्हणून ‘हा हल्ली भरतच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा खोटी ठरते. आकडा माता-बाल संरक्षण कार्डावरच्या आलेखात मांडा. मुलाचा आलेख वेगळा, मुलीचा वेगळा. रेषा वर चढते आहे ना, एवढं पाहा. सलग दोन महिने आडवी गेली तर अंगणवाडी ताईंना दाखवा.

दोन वर्षांपर्यंत लांबी निजवून मोजतात, त्यानंतर उंची उभं करून. उभ्या मापात मूल सुमारे ०.७ सेंटिमीटर कमी भरतं. दुसऱ्या वाढदिवसाला ते खुजं झालेलं नसतं, फक्त मोजायची रीत बदललेली असते. थोरल्याला चिऱ्याच्या भिंतीशी उभं करू नका, खडबडीत दगडाला टाचा नीट लागत नाहीत. दाराची चौकट बरी. अनवाणी, टाचा टेकलेल्या, नजर समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं धरून खूण करा. वेळ सकाळचीच ठेवा, संध्याकाळपर्यंत उंची सेंटिमीटरभर कमी भरते. शिंप्याची टेप ताणली जाते, पत्र्याची वापरा.

धाकटीचं हलणं-चालणं लिहिताना वयाचा पट्टा केवढा रुंद असतो ते ध्यानात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी मुलं आधाराशिवाय ३.८ ते ९.२ महिन्यांत बसली आणि हात सोडून ८.२ ते १७.६ महिन्यांत चालली. शंभरातली चारेक तर हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत. पावसाळ्यात लादीला घाम सुटतो आणि बाळ पुढे जायला बघतं तर मागे सरकतं. सारवलेल्या पडवीत किंवा चटईवर तेच बाळ पुढे जातं. म्हणून कुठल्या जमिनीवर पाहिलं तेही लिहा. पाय उघडे ठेवा. ढकलत न्यायचा लाकडी पांगुळगाडा उभं राहता आल्यावर चालतो, तोही कुणी जवळ असताना. आत बसवायचा चाकांचा वॉकर आणूच नका. त्यानं चालणं लवकर येत नाही, आणि ओटीच्या पायऱ्या तर समोरच असतात.

वरचं खाणं सहा महिने पूर्ण झाल्यावर: दोन-तीन चमचे मऊ भात किंवा नाचणीची खीर, दिवसातून दोन-तीनदा. वर्षाच्या आत मीठ-साखर नको, मध तर चाटवायलासुद्धा नको. नवा पदार्थ एका वेळी एकच द्या, तीन दिवस थांबा, लिहा. मे महिन्यात आंब्यानंतर तोंडाभोवती लाल पुरळ आलं तर बहुधा देठाकडचा चीक बाधलेला असतो. पुढच्या खेपेला आंबा पाण्यात भिजवा, देठाकडचा भाग उडवा, साल नीट काढा, आणि तरीही पुरळ आलं तरच आंब्यावर संशय घ्या. काजू, आठळी, जांभळाची बी थोरल्याच्या खिशातून धाकटीच्या तोंडात जाते. रोज संध्याकाळी खिसे रिकामे करा.

पहिल्या आठवड्यानंतर अंगावर पिणारं बाळ दिवसरात्रीत सहा किंवा जास्त लंगोट ओले करतं. डायपरपेक्षा लंगोट मोजायला सोपे, जरी पावसात वाळत नसले तरी.

थोरल्याच्या बाजूला सगळ्यात जास्त पानं बोलण्याला जातात, जाऊ द्या. तो बोलला तसंच लिहा, सुधारून नको. ‘मी करलं’, ‘बाबा जाला’ या चुका प्रगतीच्या खुणा आहेत. त्यानं ‘बसलं-बसला’वरून नियम पकडला आणि ‘केलं-गेला’लाही लावला, ऐकीव शब्द नुसता परत म्हणून दाखवला नाही. आईबरोबर दिवस काढणारा मुलगा ‘मी जाते’ म्हणतो, तेही काही दिवसांचंच. घरात मालवणी आणि अंगणवाडीत पुस्तकी मराठी असेल तर ‘माका नको’ कुणाशी आणि ‘मला नको’ कुणाशी, हे टिपा. माणूस बघून भाषा बदलणं ही मोठी उडी आहे, गोंधळ नव्हे. ‘र’ आणि ‘ळ’ उशिरा येतात, ‘शाला’ म्हणणाऱ्याला पुन्हापुन्हा ‘शाळा’ म्हणायला लावू नका. चार वर्षांपर्यंत त्याचं बोलणं परक्या माणसाला बहुतेक कळायला हवं.

मोजणी तपासायची तर असोले नारळ रांगेत मांडा. वीसपर्यंत घडाघडा म्हणणारं मूल पाच नारळांवर बोट ठेवताना एकावर दोनदा थांबतं. मोजून झाल्यावर ‘मग किती?’ विचारा. पुन्हा एकपासून सुरुवात केली तर शेवटचा आकडा म्हणजे एकूण, हे अजून कळलेलं नाही. चित्रात साधारण तिसऱ्या वर्षी गोल, चौथ्या वर्षी अधिकचं चिन्ह आणि पाचव्याच्या सुमारास त्रिकोण बघून काढता येतो.

धाकटी आल्यावर थोरला पुन्हा चड्डीत करतो, बाटली मागतो, बोबडं बोलतो. याला मागे जाणं म्हणू नका, तारीख लिहा आणि काही आठवडे वाट पाहा. पण कुठल्याही वयात येत असलेले शब्द किंवा चालणं खरोखर गेलं, तर थांबायचं नाही. वर्षाला नावाची हाक ओळखत नसेल, १६ महिन्यांत एकही शब्द नसेल, १८ महिन्यांत चालत नसेल, दोन वर्षांत दोन शब्द जोडत नसेल, तर वही घेऊन आरोग्य केंद्रात जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीतही येतं. हा कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तो पालघरमधूनच.

पावसाळी खोकल्यात श्वास मोजायला शिका. बाळ निजलेलं असताना पोटाकडे पाहून पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंदांचे चौपट करू नका. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी डॉक्टर. आकडा आणि वेळ वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लिहा. खोकल्याच्या रात्री अंधारात पान शोधायला जमत नाही.