कादंबरीवरचा ॲनिमे ‘रेंगाळला’ म्हणण्याआधी या चुका टाळा

कादंबरीवरून केलेली ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका एकच, तक्रारी दोन. ज्याने कादंबरी वाचलीय तो म्हणतो, ‘किती पळवलंय रे!’ ज्याने वाचलेली नाही तो म्हणतो, ‘किती लांबवलंय, नुसते बोलत बसलेत.’ दोघंही मनापासून बोलत असतात. आमच्या ग्रुपवर हा वाद दर मोसमात एकदा तरी पेटतो. त्यात मी दोन्ही बाजूंनी भांडून झालोय, त्यामुळे खाली लिहिलेल्या जवळजवळ सगळ्या चुका माझ्याही आहेत.

पानांना भागांनी भागणं

‘तीन खंड बारा भागांत कोंबले, म्हणजे वाट लावलीच असणार.’ हे गणित आधी नीट मांडून बघू. टीव्हीवरचा एक भाग साधारण २४ मिनिटांचा. सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं प्रत्येकी दीड मिनिटाचं. पुढच्या भागाची झलक वगैरे वजा केली की गोष्टीला उरतात वीस-एकवीस मिनिटं. जपानी लाइट नॉव्हेलचा (तरुण वाचकांसाठीच्या हलक्याफुलक्या कादंबरीचा) एक खंड साधारण एक लाख अक्षरांचा धरा. जपानी वृत्तनिवेदक मिनिटाला तीनशेच्या आसपास अक्षरं वाचतो. म्हणजे एक खंड नुसता मोठ्याने वाचायला साडेपाच तास लागतील, आणि तेवढ्यात सोळा-सतरा भाग संपतील! अर्थात वर्णनाची पानंच्या पानं चित्र एका क्षणात गिळतं, म्हणून हे शक्य होतं. पण कात्री लागणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं असतं. कुठला खंड कुठल्या भागात संपवायचा हे ठरवणाऱ्या माणसाचं श्रेयनामावलीत वेगळं पद असतं, ‘सीरीज कोसेई’. मालिका आवडो वा न आवडो, ते नाव एकदा वाचून ठेवावं.

आता उलटी उदाहरणं. नाहोको उएहाशी यांच्या ‘मोरिबितो’ मालिकेच्या १९९६ सालच्या पहिल्या कादंबरीवरून केन्जी कामियामा यांनी २००७ मध्ये २६ भाग केले. एका पुस्तकाचे २६! योशिकी तानाका यांच्या ‘लेजंड ऑफ द गॅलॅक्टिक हिरोज’च्या १० मुख्य खंडांचे १९८८ ते १९९७ या काळात ११० भाग झाले. क्योटो ॲनिमेशनने २००६ मध्ये ‘हारुही सुझुमिया’चा पहिला खंड ६ भागांत बसवला, म्हणजे साधारण दोन तासांत. त्याच स्टुडिओने २०१० मध्ये चौथ्या खंडाचा चित्रपट केला तो १६२ मिनिटांचा. लेखक तोच, पात्रं तीच. चित्रपट खरोखरच सावकाश चालतो, पण मला तो एकदाही लांबलेला वाटला नाही. त्यातल्या नायकाचं ओळखीचं जग एका सकाळी नाहीसं झालंय, आणि तो प्रत्येक माणसाशी बोलून खात्री करून घेतोय. त्याच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याला आणखी एकटं पाडतं.

गती तपासायचीच असेल तर भाग मोजू नका. एक प्रसंग घ्या आणि विचारा, या बोलण्याच्या सुरुवातीला जे होतं आणि शेवटी जे आहे, त्यात काय बदललं? कुणाला काहीतरी कळलं, कुणी काहीतरी गमावलं, कुणाचा पवित्रा बदलला, तर प्रसंग पुढे सरकला. मग तो दहा मिनिटं का चालेना.

बोलणं म्हणजे काहीच न घडणं, हा समज

माझी सगळ्यात मोठी चूक ही. ‘स्पाइस अँड वूल्फ’ पहिल्यांदा पाहिला तेव्हा दुसऱ्या भागातच सोडून दिला होता. एक फिरता व्यापारी, त्याच्या गाडीत एक लांडगी-देवता, आणि दोघांचा अखंड संवाद. तलवारी नाहीत, जादूचे स्फोट नाहीत. पुन्हा पाहिला तो एका मित्राच्या आग्रहाखातर, आणि तेव्हा लक्ष नाण्यांकडे गेलं.

इसुना हासेकुरा यांच्या कादंबरीत लढाई होते ती भावावरून. लॉरेन्स, म्हणजे तो फिरता व्यापारी, कातडी विकायला जातो, गिऱ्हाइकाशी भाव जवळजवळ ठरतो, आणि मग होलो, ती लांडगी-देवता, मध्येच तोंड घालते. या कातड्यांना सफरचंदाचा वास कसा येतो बघा, म्हणते. ती वास घ्यायला लावते, गोष्ट रंगवते आणि भाव चढवते. लॉरेन्सला नंतर कळतं, की या बाईने आपल्यादेखत त्या गिऱ्हाइकाला गुंडाळलं आणि आपल्यालाही काही सांगितलं नाही. एवढ्या बोलण्यात तीन गोष्टी घडतात. पैसे वाढतात, दोघांतला तोल बदलतो, आणि ती किती धोकादायक आहे हे आपल्याला समजतं.

ज्याने जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून ठरणारा भाव पाहिला असेल, त्याला हा थरार समजावून सांगावा लागत नाही. बाहेरून बघणाऱ्याला दोन माणसं हात धरून उभी दिसतात, आत हजारोंची उलाढाल चाललेली असते. तेव्हा असे प्रसंग बघताना एकच सवय लावून घ्या. या क्षणी कुणाला काय हवंय, आणि कोण काय लपवतोय? दोन्हींची उत्तरं मिळत असतील तर तुम्ही मारामारीच बघताय.

‘मोरिबितो’त एक भाग जवळजवळ पूर्ण लोहाराच्या घरात घडतो. नायिका बाल्सा आपला भाला घेऊन तिथे गेलेली, आणि तिच्या मागावर असलेले लोकही त्याच घरात येऊन बसतात. लोहार गोष्ट सांगतो, पडद्याआड ती ऐकते आणि समोर तेही ऐकतात. कुणी शस्त्र उगारत नाही. त्या मालिकेतला माझा सगळ्यात आवडता भाग आहे हा, आणि ‘फिलर’ (नुसता वेळ भरायला घातलेला भाग) म्हणून त्याला हिणवणारे अजूनही भेटतात.

‘मनातला आवाज कापला’

कादंबरीत नायक पानभर विचार करतो. पडद्यावर त्याचं काय करायचं? इथे ‘मूळ पुस्तकात होतं, इथे नाही’ असं म्हणून थांबणं ही आळशी चूक. तो आवाज बहुतेक वेळा नाहीसा झालेला नसतो, दुसरीकडे हलवलेला असतो. तो शोधायचा.

फुयुमी ओनो यांच्या ‘ट्वेल्व्ह किंगडम्स’मध्ये योको परक्या जगात एकटी पडते, आणि कादंबरीचा मोठा भाग तिच्या डोक्यातच चालतो. २००२च्या ॲनिमेने तिच्याबरोबर दोन वर्गसोबती त्या जगात पाठवले. कादंबरीप्रेमी तेव्हा चिडले आणि आजही चिडतात. पण बघा, जी शंका ती स्वतःशी बोलली असती ती आता त्यांच्यातल्या सुगिमोतोशी भांडणात बाहेर येते. बदल्यात एकटेपणाची धार थोडी बोथट होते, हेही खरं. हा सौदा पटला की नाही यावर भांडा, तिथे भांडण्यात अर्थ आहे.

तोमिहिको मोरिमी यांच्या कादंबरीवरचा ‘द तातामी गॅलक्सी’ (२०१०) नेमका उलट वागतो. दिग्दर्शक मासाआकी युआसा यांनी नायकाची बडबड तशीच ठेवली, आणि तीही इतक्या वेगात की सबटायटल वाचावं की चित्र बघावं हे कळेनासं होतं. इथे वेगच विनोद आहे. हा मुलगा स्वतःची फजिती लपवायला धापा टाकत सबबी सांगतोय. उपाय सोपा आहे. पहिल्यांदा सबटायटलच्या मागे लागा, दुसऱ्यांदा चित्राच्या. अकराच भाग आहेत.

सबटायटलचा राग संवादलेखकावर काढणं

‘सगळी पात्रं सारखीच बोलतात.’ खरंच? जपानीत ‘मी’साठी ओरे, बोकू, वाताशी असे अनेक शब्द आहेत, आणि वाक्याच्या शेपटावरून बोलणाऱ्याचं वय, ऐट, लिंग कळतं. म्हणूनच लाइट नॉव्हेलमध्ये ‘तो म्हणाला, ती म्हणाली’ फारसं लिहावं लागत नाही. होलो स्वतःला ‘वाच्ची’ म्हणते आणि समोरच्याला ‘नुशी’. त्या बोलीला एदोकाळातल्या योशिवारा या वेश्यावस्तीतल्या गणिकांच्या भाषेची छटा आहे. इंग्रजी सबटायटलमध्ये हे सगळं ‘आय’ आणि ‘यू’ होऊन सपाट होतं. उद्या कुणी होलोला मराठीत बोलकं केलं तर तिच्या तोंडी पुस्तकी प्रमाणभाषा शोभणार नाही, लावणीतल्या नायिकेचा तोरा लागेल.

तेव्हा संवाद पुळचट वाटला तर आधी कान द्या. जपानी येत नसलं तरी कुणी ‘तू’वरून ‘आपण’वर गेलं की सूर बदललेला ऐकू येतो. आपल्याला तर तू, तुम्ही, आपण ही तिन्ही पायऱ्या घरातूनच ठाऊक असतात, हा फुकटचा फायदा आहे.

आणि डब म्हणजे कमअस्सल, हेही डोक्यातून काढा. आपल्यापैकी कित्येकांनी पाहिलेला साहित्यावरचा पहिला ॲनिमे म्हणजे दूरदर्शनवरचा मोगली, निप्पॉन ॲनिमेशनची १९८९ची ५२ भागांची मालिका. हिंदीत शेरखानला आवाज होता नाना पाटेकरांचा. तो वाघ सावकाश बोलायचा आणि घरातली पोरं गप्प व्हायची.

दीडपट वेग, एका रात्रीत सगळं

दीडपट वेगाने बघून ‘भावनाच पोचल्या नाहीत’ म्हणणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. दोन वाक्यांमधला थांबाही दिग्दर्शकाने सेकंदांत आखलेला असतो. जपानमध्ये आवाज सहसा चित्राचं वेळापत्रक ठरल्यावर भरतात, त्यामुळे तो थांबा योगायोगाने येत नाही.

तक्रार खरी असते तेव्हा

असते, पुष्कळदा असते. दोन झटपट चाचण्या करा. संशयित प्रसंगाची दोन मिनिटं आवाज बंद करून बघा, मग तीच डोळे मिटून ऐका. आवाजाशिवाय सगळं समजलं आणि ऐकताना पात्र तेच पुन्हा सांगत असेल (‘अरे, याने दार तोडलं!’), तर संवाद फाजील आहे. ‘तुला माहीतच आहे की आपलं राज्य तीनशे वर्षांपूर्वी…’ असं एक पात्र दुसऱ्याला सांगू लागलं, की समजा, कादंबरीतलं निवेदन कुणाच्या तरी तोंडात कोंबलंय.

घाईची खूण वेगळी. माणसं एका प्रसंगात अनोळखी आणि पुढच्यात जिवलग असतील, आणि मधलं काही आपल्याला दिसलंच नसेल, तर कात्री चुकीच्या जागी लागली. घटना सगळ्या आल्या, पण ज्या फालतू वाटणाऱ्या गप्पांतून मैत्री मुरते त्याच उडवल्या. हा दोष मला रेंगाळण्यापेक्षा जास्त खुपतो.

‘एंडलेस एट’ कसा बघावा

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून वेगळा घेतो. ‘हारुही सुझुमिया’चे लेखक नागारू तानिगावा यांच्या त्याच मालिकेतल्या एका छोट्या कथेचे २००९ मध्ये सलग ८ भाग झाले. उन्हाळी सुटीचे तेच दोन आठवडे पुन्हापुन्हा येतात, आणि प्रत्येक वेळी चित्रं नव्याने काढलेली, संवाद नव्याने बोललेले. टीव्हीवर हे आठ आठवडे चाललं. लोक भयंकर संतापले.

कथेत ही फेरी पंधरा हजारांहून जास्त वेळा झालेली असते, आणि ती सगळी फक्त नागातो या अबोल मुलीला आठवते. मी आठही भाग एका रात्रीत लावले आणि पाचव्याला झोपलो. मग सकाळी ग्रुपवर शिव्या घातल्या. पुढे कुणीतरी सुचवल्यावर रोज एकच, जेवणानंतर, असा पाहिला. तिसऱ्या दिवशी कपडे बदललेले दिसायला लागले. पाचव्या दिवशी नागातोचा चेहरा बघत होतो. आठव्यानंतर त्या १६२ मिनिटांच्या चित्रपटात तिने जे केलं, त्याचं कारण मला कुणी संवादातून सांगायची गरज उरली नव्हती.