जनगणनेची तयारी: आधी गटाची हद्द पायाखाली घाला

नव्या प्रगणकाला, म्हणजे घरोघर जाऊन माहिती भरणाऱ्याला, पहिला सल्ला मिळतो तो प्रश्नावलीचा. कोणत्या प्रश्नाला कोणता पर्याय, 'इतर' कधी निवडायचे, कुठे थांबायचे. खरे तर प्रश्न अवघड नाहीत. दारात उभे राहिल्यावर माणसे बोलतात, बसा म्हणतात, चहा विचारतात आणि माहिती भरून होते. जनगणनेत माणूस सुटतो तो याच्या कितीतरी आधी. ज्या दारामागे तो राहतो ते दारच कुणाच्या नकाशात आलेले नसते. २०११ च्या जनगणनेनंतर नमुना गटांत (गट म्हणजे एका प्रगणकाला नेमून दिलेला भाग) फेरतपासणी झाली, तेव्हा दर हजारी २३ माणसांची निव्वळ तूट आढळली. १२१ कोटींच्या देशात ही तूट पावणेतीन कोटींच्या वर जाते. एवढी माणसे चुकीचा पर्याय निवडल्यामुळे हरवत नाहीत.

म्हणून हा लेख प्रश्नांवर नाही, तयारीवर आहे. नेमणूक झालेले शिक्षक, तलाठी, पालिकेचे कर्मचारी यांच्यासाठी तो आहेच. पण आपल्या दारावर येणाऱ्या माणसाने आधी काय करून यायला हवे, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्यानेही वाचावा.

वेळापत्रक

२०२७ ची जनगणना दोन टप्प्यांत आहे. पहिला टप्पा घरयादीचा, म्हणजे इमारती आणि घरे नोंदवण्याचा: एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मध्ये प्रत्येक राज्याचे आपापले ३० दिवस, आणि त्याच्या लगेच आधी १५ दिवस लोकांनी स्वतः ऑनलाइन माहिती भरायची सोय. दुसरा टप्पा प्रत्यक्ष माणसे मोजण्याचा, फेब्रुवारी २०२७ मध्ये. २८ फेब्रुवारी संपून १ मार्च लागतो तो मध्यरात्रीचा क्षण म्हणजे संदर्भ क्षण; त्या क्षणी जे हयात ते मोजणीत. (लडाख आणि जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडचे बर्फाळ भाग यांच्यासाठी तो १ ऑक्टोबर २०२६ आहे.) घरयादीत ३३ प्रश्न आहेत, जातीची नोंद दुसऱ्या टप्प्यात.

नेमणूकपत्र, ओळखपत्र, चार्ज केलेला मोबाइल, पॉवर बँक हे सांगायला नको. प्रशिक्षण बुडवू नका.

हद्द: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

तुमच्या वाट्याला येणाऱ्या गटात साधारण सातशे-आठशे माणसे असतात. कागदावर त्याच्या चार दिशा लिहिलेल्या असतात: उत्तरेला ओढा, पूर्वेला पांदण, दक्षिणेला मारुतीचे देऊळ, पश्चिमेला डांबरी रस्ता. वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात ओढ्यावर स्लॅब पडून वर गाळे उभे राहिलेले असतात, पांदण उसात गेलेली असते आणि डांबरी रस्ते एकाचे तीन झालेले असतात. २०२१ ची जनगणना कोरोनामुळे झालीच नाही, त्यामुळे या वेळी जुन्या वर्णनात आणि आजच्या जमिनीत दहा नाही, पंधरा वर्षांचे अंतर आहे. जिल्हा, तालुका, गाव, प्रभाग यांच्या प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ नंतर बदलायच्या नाहीत असे ठरले आहे. पण गटाची हद्द जागेवर ओळखण्याचे काम कोणताही आदेश करून देत नाही. ते पायांनीच करावे लागते.

या टप्प्याने मला सगळ्यात जास्त छळले आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो.

एकट्याने हद्द चालू नका. तुमच्या गटाला लागून असलेल्या प्रत्येक गटाच्या प्रगणकाला बरोबर घ्या आणि दोघांची सामाईक कड दोघांनी मिळून चाला. "रस्त्याची ही बाजू माझी, ती तुमची" हे रस्त्यावर उभे राहून ठरले पाहिजे. फोनवर ठरलेले टिकत नाही, कारण फोनवर दोघांच्या डोळ्यांसमोर दोन वेगळे रस्ते असतात. कोपऱ्यावरच्या ज्या इमारतीला दोन्ही रस्त्यांकडे दारे आहेत तिचे नाव दोघांच्याही वहीत लिहा, कुणाकडे गेली ते लिहा आणि पर्यवेक्षकाला त्याच दिवशी कळवा. कडेवरची घरे दोघांनी धरली तर ती तपासणीत सापडतात. दोघांनी सोडली तर कुणालाच कळत नाही.

गावात तलाठ्याला किंवा कोतवालाला बरोबर न्या. गावठाण सगळ्यांना माहीत असते. प्रश्न असतो मळ्यांचा आणि वस्त्यांचा. पश्चिम महाराष्ट्रात निम्मे गाव रानात राहते, आणि मळ्याचे नाव एका गावाचे, जमीन दुसऱ्या गावाच्या शिवारात असे सर्रास असते. तिथे राहणारा माणूस आपण कोणत्या गावचे हे मतदानावरून सांगतो. त्याचे ऐकून घ्या, पण ठरवा शिवेवरून.

दुसरी फेरी दिवेलागणीला मारा. हे प्रशिक्षणात सांगत नाहीत, पण माझा याच्यावर पूर्ण भरवसा आहे. दिवसा जी पोल्ट्रीची शेड दिसते तिच्या टोकाला संध्याकाळी दिवा लागतो, कारण तिथे राखणदाराचे कुटुंब राहते. बांधकामाच्या तळमजल्यावर चूल पेटते. सोसायटीच्या पंपघराशेजारी वॉचमनची बायको भाकरी करत असते. गच्चीवरची पत्र्याची खोली, दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपणारे कारागीर, शाळेच्या आवारात राहणारा शिपाई, देवळामागचे पुजाऱ्याचे बिऱ्हाड, वीटभट्टीवरच्या खोपट्या यांतले एकही सकाळी अकरा वाजता घर म्हणून नजरेत भरत नाही.

आता जे सल्ले मुळीच ऐकू नयेत ते सांगतो.

"मतदार यादी घे, तीच पुरते." पुरत नाही. त्यात मुले नाहीत, भाडेकरू बहुधा नाहीत, परराज्यातून आलेला मजूर नाही. आणि कधीच गाव सोडून गेलेले मात्र आहेत.

"ग्रामपंचायतीचा नमुना ८ समोर ठेव." तो कर आकारणीचा कागद आहे. गायरानावरची, अतिक्रमणातली, नदीकाठची घरे त्यात नसण्याचीच शक्यता जास्त, आणि नेमके तिथेच तुमचे खरे काम आहे. या वस्त्यांत लोक दारावर क्रमांक टाकू देत नाहीत. आपले घर पाडायला याद्या करताहेत असे त्यांना वाटते. त्यांची भीती खरी आहे, तिला हसू नका. जनगणना अधिनियम १९४८ च्या कलम १५ प्रमाणे ही माहिती कुणाला पाहायला मिळत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. हे शांतपणे, वस्तीतल्या चार जाणत्यांना बसवून आधी सांगा. त्यांना पटले की पुढची दारे आपोआप उघडतात.

"उपग्रहाच्या चित्रावरून घरबसल्या नकाशा होतो." उपग्रहाला छप्पर दिसते, छपराखाली किती दारे आहेत ते दिसत नाही.

नजरी नकाशा आणि घरांचे क्रमांक

या वेळी नोंदी मोबाइलवर आहेत. तरी चालताना कच्चा नकाशा कागदावर, पेन्सिलने काढा असे माझे ठाम मत आहे. ऊन पडले की स्क्रीन दिसत नाही, आणि बोळात उभे राहून खोडणे-जोडणे कागदावरच होते.

मागच्या जनगणनेत नकाशाची जी रीत शिकवली ती आजही चालताना उपयोगी पडते. क्रमांक वायव्य कोपऱ्यापासून सुरू करून आग्नेयेला संपवायचे आणि ओळ मध्ये तुटू द्यायची नाही. पक्क्या इमारतीला चौकोन, कच्च्या इमारतीला त्रिकोण. जिथे कुणीच राहत नाही तो चौकोन किंवा त्रिकोण रेषांनी भरायचा. १० क्रमांकानंतर सुटलेली इमारत नंतर सापडली तर तिला १०/१ द्या, पुढचे सगळे क्रमांक बदलत बसू नका. एका इमारतीत अनेक जनगणना घरे असतील तर १०(१), १०(२) असे लिहा. दारावरचा क्रमांक खडूने लिहू नका, पहिल्या पावसात जातो.

इमारत, जनगणना घर आणि कुटुंब या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गोंधळ इथेच होतो. जनगणना घर ठरते स्वतंत्र मुख्य दरवाजावरून: रस्त्यावरून, सामाईक अंगणातून किंवा जिन्यावरून थेट आत जाता येते का, आणि तो भाग वेगळा म्हणून वापरात आहे का. पुण्यातला जुना वाडा ही इमारत एक, पण चौकाभोवती जितकी बिऱ्हाडे स्वतंत्र दारांची तितकी जनगणना घरे. चाळीचेही तेच. दुकान, पिठाची गिरणी, दवाखाना, बंद पडलेले गोदाम यांनाही क्रमांक हवा. घरयादी फक्त राहत्या घरांची नसते. कुलूपबंद घराला तर हवाच.

कुटुंब ठरते चुलीवरून. जे एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरात जेवतात ते एक कुटुंब, मग नाते असो वा नसो. रेशनकार्डे तीन आहेत म्हणून कुटुंबे तीन लिहू नका. सख्खे भाऊ एका छताखाली वेगळ्या चुली मांडून राहत असतील तर मात्र ती वेगळी कुटुंबे आहेत, म्हातारी आई कितीही नको म्हणाली तरी. "चूल एक का?" हा प्रश्न हळू आवाजात, एका बाजूला विचारा. अंगणात सगळ्यांसमोर विचारलात तर मानासाठी "एकच" असे उत्तर येते.

ज्यांनी स्वतः ऑनलाइन माहिती भरली त्यांच्याकडे जायची गरज नाही, असेही काही जण सांगतील. जावेच लागते. त्यांना मिळालेला ओळख क्रमांक घ्यायचा, माहिती पडताळायची. आणि शेजारच्या बंद दाराबद्दल सगळ्यात चांगली माहिती याच घरात मिळते.

फेब्रुवारीत गावच बदललेले असते

उन्हा-पावसाळ्यात केलेली घरयादी फेब्रुवारीत जशीच्या तशी वापरणे महाराष्ट्रात तरी चालणार नाही. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मोजणीच्या दिवसांत बऱ्याच ठिकाणी जोरात असतो. बीड, अहिल्यानगर, जालना भागातली कुटुंबेच्या कुटुंबे तेव्हा ऊसतोडीला कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरच्या फडांवर, काही कर्नाटकातही असतात. त्यांच्या गावी दाराला कुलूप आणि ओसरीवर म्हातारी माणसे. कारखान्याच्या तळावर कोप्यांची (ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांची) वस्ती उभी, जी घरयादीच्या वेळी तिथे नव्हतीच.

ही माणसे कुठे मोजायची? मागच्या जनगणनेचा नियम असा होता: मोजणीच्या संपूर्ण काळात जो आपल्या नेहमीच्या राहण्याच्या जागी नसतो, तो जिथे सापडेल तिथे मोजायचा, त्या काळात थोडे दिवस जरी घरी असला तर घरी. ऊसतोडीला गेलेले कुटुंब महिनाभर परतत नाही, म्हणजे त्याची नोंद कोपीतच व्हायला हवी. गावाकडे सरपंच आग्रह करतात की आमची माणसे आमच्याकडेच लिहा, गावाची लोकसंख्या घटेल. आग्रह समजण्यासारखा आहे, पण मानू नका. आणि फडाकडच्या प्रगणकाने "हे आपल्या गावी लिहिले गेले असतील" असे धरून पुढे जाऊ नये. दोन्हीकडे अशी समजूत झाली की अख्खी टोळी देशाच्या मोजणीतून बाहेर पडते.

म्हणून कारखान्याच्या पट्ट्यात काम असेल तर जानेवारीअखेर नकाशा पुन्हा चालून अद्ययावत करा. कारखान्याच्या शेती विभागातून टोळ्या कुठे उतरल्या आहेत ते विचारा, मुकादमांना भेटा. कोप्यांवर दुपारी जाऊन उपयोग नाही, सगळे फडात असतात. रात्री गाड्या भरून परत यायची वेळ विचारून घ्या. मेंढपाळांचे वाडे, रस्त्याच्या कामावरचे मजूर, वीटभट्ट्या यांनाही हेच लागू.

दार वाजवण्याआधी

वयासाठी स्थानिक घटनांची यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. जन्मसाल माहीत नसलेल्या आजीला "बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढ्या होता?" असे विचारले की उत्तर येते. पुण्याकडे १९६१ चा पानशेतचा पूर, सातारा-चिपळूण पट्ट्यात १९६७ चा कोयनेचा भूकंप, लातूर-धाराशिवला १९९३ चा किल्लारीचा. आपल्या भागाची यादी आपणच करायची.

घरात किती माणसे, या प्रश्नात तान्हे मूल येत नाही. बारसे झाले नसेल तर नाव नाही म्हणून घरचे सांगत नाहीत. "अगदी लहान बाळ आहे का?" असे वेगळे विचारा. तसेच अंथरुणाला खिळलेली माणसे, आणि कामाला ठेवलेला, घरातच राहणारा मुलगा किंवा मुलगी.

नवऱ्याचे नाव घ्यायला बाई संकोचली तर अडून बसू नका. जनगणना अधिनियमाच्या कलम ८ मध्येच सवलत आहे: रूढीने जे नाव घेता येत नाही ते सांगण्याची सक्ती कोणत्याही स्त्रीवर नाही. मुलाकडून किंवा शेजारणीकडून नाव मिळते. पण तिचे स्वतःचे नाव तिच्याच तोंडून घ्या, आणि तिच्या कामाचा प्रश्न तिलाच विचारा. नवरा "काही करत नाही" म्हणतो तेव्हा ती बहुतेक वेळा खुरपणीला जाऊन आलेली असते.

२८ फेब्रुवारीची रात्र आणि नंतरची फेरी

बेघर माणसे २०११ मध्ये २८ फेब्रुवारीच्या रात्री मोजली गेली. एसटी स्टँड, रेल्वे स्थानक, पुलाखालची जागा, देवळांच्या पायऱ्या, मंडईचे ओटे ही यादी आधी आठवडाभर रात्री फिरून करा. त्या भागात काम करणाऱ्या संस्थेचा कुणी ओळखीचा माणूस बरोबर असू द्या. पोलिसांना कळवून ठेवा, पण गणवेशातला माणूस पुढे चालवू नका. झोपलेली माणसे उठून निघून जातील.

मागच्या वेळी १ ते ५ मार्च फेरतपासणीची फेरी होती. तीत तुमच्या भेटीनंतर आणि १ मार्च लागण्याआधी झालेले जन्म वाढवायचे, मृत्यू वजा करायचे आणि कुठेच न मोजलेले कुणी मुक्कामाला आले असेल तर घ्यायचे. १ मार्चला पहाटे जन्मलेले मूल धरायचे नाही. त्याच पहाटे गेलेला माणूस यादीत राहतो. ज्या घरात बाळंतपण जवळ आहे किंवा कुणी अत्यवस्थ आहे, त्या घरांसमोर पहिल्याच भेटीत वहीत खूण करून ठेवा आणि फेरीची सुरुवात तिथूनच करा.