स्लाइडचे रंग आणि फॉन्ट बदलताय? मराठी-कन्नड दोन्हीत काम करणाऱ्यांनी या चुका टाळा

खानापूरकडच्या एका पोरीचा सेमिनार होता. पेनड्राइव्ह लावला, पॉवरपॉइंटची फाइल उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं असा सगळा चिवडा. "घरात बरोबर दिसत होतं की ओ सर!" एवढंच ती म्हणत राहिली. खोटं नव्हतं ते. मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला, आणि तो फॉन्ट फक्त घरच्या कॉम्प्युटरवर.

बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात हे वारंवार होतं, कारण आपल्याकडे जुन्या फाइली दोन्ही बाजूंनी येतात. मराठी मजकूर डीटीपीवाल्याकडून, कन्नड मजकूर जुन्या नुडी फॉन्टमध्ये. या फॉन्टांत आतली अक्षरं इंग्रजीचीच असतात, फॉन्ट त्यांच्यावर मराठी किंवा कन्नड मुखवटा चढवतो. फॉन्ट बदलला की मुखवटा उतरतो. अशा वेळी लोक घाबरून एकामागून एक फॉन्ट लावून बघतात. त्याचा उपयोग नाही. मजकूर कन्व्हर्टरमधून (जुना फॉन्ट बदलून देणारं सॉफ्टवेअर) युनिकोडमध्ये आणा, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीत, मग रफार, जोडाक्षरं आणि 'दऱ्या', 'सुऱ्या' असले शब्द डोळ्यांनी तपासा. कन्व्हर्टर तिथेच अडखळतो.

युनिकोड असलं म्हणजे सुटलो असंही नाही. मराठी मजकूर निवडून त्याला कॅलिब्री लावलात तर वरच्या चौकटीत कॅलिब्री हे नाव येऊ शकतं, पण कॅलिब्रीत देवनागरी अक्षरंच नाहीत. कॉम्प्युटर गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून ती उसनी आणतो. तुमच्या मशीनवर निर्मला यूआय, दुसरीकडे मंगल, मोबाइलवर आणखी तिसराच. रुंदी बदलते, ओळी तुटतात, शीर्षक खालच्या चित्रावर चढतं. म्हणून चौकटीतल्या नावावर विश्वास ठेवू नका. विंडोज ८ पासून सोबत येणाऱ्या निर्मला यूआयमध्ये देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही आहेत. दिसायला साधा, पण दगा देत नाही. गूगल स्लाइड्सवर काम असेल तर नोटो सान्स देवनागरी आणि नोटो सान्स कन्नड ही जोडी घ्या. शीर्षकाला थोडं गुबगुबीत अक्षर हवं असेल तर मराठीला बालू २ आणि कन्नडला बालू तम्मा २ एकाच घरातले आहेत, शेजारी शेजारी शोभतात.

कन्नडची एक वेगळी अडचण. 'कन्नड' हा शब्दच कन्नडमध्ये लिहून बघा, दुसरा 'न' ओळीखाली लोंबतो. मराठीत उलट, अनुस्वार आणि मात्रा वर चढतात. ओळींमधलं अंतर 'एक्झॅक्टली' करून आवळलं की वरच्या ओळीचं ओत्तक्षर (असं खाली लोंबणारं कन्नड जोडाक्षर) आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांत घुसतात. तिथे 'मल्टिपल' निवडा आणि १.१ किंवा १.२ ठेवा. अधोरेखन नकोच, उकार त्यात बुडतात. तिरपी देवनागरीही मला बघवत नाही.

आता रंग. थीम, म्हणजे स्लाइडच्या रंग-फॉन्टांचा ठरलेला संच, बदलली, तरी अर्ध्या स्लाइड जुन्याच रंगात, ही तक्रार ठरलेली. रंगांची पेटी उघडली की वर 'थीम कलर्स' आणि खाली 'स्टँडर्ड कलर्स' असतात. खालचा रंग, किंवा 'मोअर कलर्स'मधून उचललेला रंग, थीमला जुमानत नाही, चिकटून बसतो. वरच्या पेटीतून घेतलेला रंग मात्र 'डिझाइन'मधल्या 'व्हेरिएंट्स'मध्ये जाऊन रंगसंच बदलला की आपोआप बदलतो. चाळीस स्लाइड एकेक करून रंगवणाऱ्या माणसाला हे उशिरा कळलं की तो गप्प बसतो. फॉन्टचंही तेच: 'व्ह्यू'मधल्या 'स्लाइड मास्टर'मध्ये, म्हणजे सगळ्या स्लाइडच्या मूळ साच्यात, एकदा बदला. आधीच हाताने विस्कटलेल्या स्लाइडवर 'होम'मधलं 'रीसेट' दाबा. ते प्लेसहोल्डरमधला (साच्यातल्या तयार चौकटीतला) मजकूर मास्टरप्रमाणे करतं, स्वतः काढलेल्या टेक्स्ट बॉक्सला हात लावत नाही. तिथे 'रिप्लेस फॉन्ट्स' वापरा.

दुसऱ्याची स्लाइड पेस्ट करताना 'कीप सोर्स फॉर्मॅटिंग' निवडलं तर त्याची थीमही पाठोपाठ घरात येते. 'यूज डेस्टिनेशन थीम' घ्या.

पांढऱ्यावर पिवळं लिहू नका. लॅपटॉपवर वाचता येतं, पण खिडक्या उघड्या असलेल्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर नुसता पांढरा पडदा. वेबसाठीचे सुलभता-नियम साध्या मजकुराला अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणात किमान ४.५:१ इतका फरक मागतात, आणि प्रोजेक्टरसाठी त्याहून जास्तच धरा. आलेखात फायदा हिरवा, तोटा लाल एवढ्यावर भागवू नका, काहींना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत. आकडा शेजारी लिहा.

आणि रंगांबद्दल इथली म्हणून एक गोष्ट. कन्नड झेंड्याची लाल-पिवळी जोडी घेतली काय किंवा नुसता भगवा घेतला काय, दूध संघाच्या फॅटचा तक्ता असला तरी चर्चा भलतीकडेच, मराठी-कन्नड वादाकडे जाते. मी निळा-करडा घेतो.

निघण्यापूर्वी 'फाइल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह' इथे जाऊन फॉन्ट फाइलमध्ये एम्बेड करा, म्हणजे फाइलसोबतच बांधून द्या. दुसरं कोणी बदल करणार असेल तर सगळी अक्षरं एम्बेड करण्याचा पर्याय निवडा. काही फॉन्टांचा परवाना याला मनाई करतो, म्हणून शेजारी एक पीडीएफही ठेवा. त्यात ॲनिमेशन जातं, अक्षरं राहतात. त्या पोरीने पुढच्या वेळी पीडीएफच दाखवली.