साताच्या सत्तर वेळा, आणि ४,२०० रुपये

पुण्यात शिकायला येणाऱ्या आमच्याकडच्या ख्रिस्ती मुलांना घरून दोन गोष्टी हमखास मिळतात: लोणच्याची बरणी आणि गावच्या पाळकसाहेबांची, म्हणजे चर्चच्या पास्टरांची, चिठ्ठी. मी नगरहून सीएच्या आर्टिकलशिपसाठी (प्रशिक्षणासाठी) आलो तो त्याच चिठ्ठीवर. पहिल्या रविवारी मंडळीत (चर्चमध्ये) ओळख झाली, तिसऱ्या रविवारी तरुण संघात घेतलं, आणि नाताळच्या आत तीन घरी जेवण ठरलेलं. ‘आपलाच मुलगा आहे’ हे ऐकून पोट जास्त भरायचं.

हिशेब येतो म्हणून शिबिराची वर्गणी माझ्याकडे आली. त्याच महिन्यात भाडं थकलं, मालक सामान बाहेर काढायला निघाला, आणि मी त्यातले ४,२०० रुपये उचलले. स्टायपेंड झाल्यावर नवव्या दिवशी परत ठेवले. कुणाला पत्ताही नव्हता. झोप लागेना म्हणून मीच पाळकांकडे गेलो.

उपासनेनंतर सगळ्यांसमोर उभं राहून कबुली द्यायला लावली. दिली. सगळे ‘आमेन’ म्हणाले. पुढच्या रविवारपासून शास्त्रवाचनाच्या यादीतून नाव गेलं, जेवणाची बोलावणी आपोआप थांबली. वर्षभराने विचारलं तर कमिटीतले एक काका म्हणाले, “प्रभूने क्षमा केली रे, पण लोकांना काय सांगायचं?”

गुरुवार पेठेतल्या ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये १८९० साली चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य (जातीचा बहिष्कार) आलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन प्रायश्चित्तावर आलं. आमची वडील मंडळी हे फार चवीने सांगतात. मला वाटतं, प्रायश्चित्ताला निदान शेवट तरी असतो.

म्हणून नव्याने येणाऱ्यांनो, मंडळीत जरूर जा, पण खोली, मेस आणि दोस्त सगळे तिथूनच मिळवू नका. एक दार बंद झालं की सगळीच बंद होतात. गाणी कशी होतात ते नंतर बघा. आधी बघा की घटस्फोट झालेली बाई कुठल्या बाकावर बसते, आणि कधीकाळी चुकलेला कुणी पुन्हा वाचनाला उभा राहिलेला दिसतो का. पैसा एकट्याने सांभाळू नका, दोन सह्या मागाच. (हे सीए बोलतोय.)

आणि चूक झालीच, तर बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा १८ वा अध्याय वाचून मग पाळकांकडे जा. साताच्या सत्तर वेळा क्षमा करायची, हे तिथलंच. तिथे आधी एकांतात बोलायचं, मग दोघा-तिघांसमोर, मंडळीसमोर सगळ्यात शेवटी, तेही न ऐकणाऱ्याचं. माझ्या बाबतीत सुरुवातच शेवटाने झाली. तरीही नाही ऐकलं तर ‘जकातदारासारखा’ (म्हणजे परका) समजा, असं त्यात आहे खरं. पण येशूचा शिष्य मत्तय स्वतः जकातनाक्यावरूनच उठून आला होता! करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा दुसरा अध्यायही जवळ ठेवा: बहुतेकांनी दिलेली शिक्षा पुरे झाली, आता क्षमा करून धीर द्या, नाहीतर तो माणूस दुःखात बुडून जाईल, असं प्रेषित पौल तिथे लिहितो. मी हे काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि विषय बदलला.

एका मावशींचा डबा मात्र कधी थांबला नाही. त्यांनी त्या पैशांबद्दल अवाक्षर काढलं नाही, डब्यात बोंबील असले तर तेवढं आधी सांगायच्या.

आता मी दुसऱ्या मंडळीत जातो. नाताळला मात्र जुन्या ठिकाणी जाणं होतं. प्रभुभोजनाच्या रांगेत ते काका पुढे दिसले की मी अजूनही दोन माणसं मागे सरकतो.