जुनं देशप्रेमाचं गाणं तपासायचं कसं

अमेरिकेच्या दक्षिणेकडची जुनी गाणी पहिल्यांदा ऐकली की काहीच खटकत नाही, चाल गोड, कापूस, नदी, घरची ओढ, बस्स. म्हणून आधी शब्दांच्या मागे लागू नका, गाण्यात बोलतंय कोण ते बघा. 'डिक्सी' घ्या. कापसाच्या मुलखात परत जावंसं वाटतंय असं म्हणणारा कृष्णवर्णीय दाखवलाय, पण हे पहिल्यांदा गायलं गेलं १८५९ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेजवर, गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून केलेल्या मिन्स्ट्रेल शोमध्ये, आणि ज्याच्या नावावर आहे तो डॅन एमेट ओहायोचा गोरा! म्हणजे गुलामालाच मळ्याची आठवण येतेय असं दाखवायचं आणि लोकांनी टाळ्या पिटायच्या. दोन वर्षांत तेच गाणं जेफरसन डेव्हिसच्या, म्हणजे गुलामगिरी टिकवायला अमेरिकेतून फुटलेल्या दक्षिणेच्या अध्यक्षाच्या, शपथविधीला वाजलं. (बाय द वे, काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवायच्या कायद्यांना 'जिम क्रो' म्हणतात ना, ते नावही असल्याच एका गाण्यातलं.)

मग तारीख बघा, पण गाणं लिहिल्याची नाही, त्याला राज्यगीत केलं त्याची. केंटकी १९२८, फ्लोरिडा १९३५, मेरीलँड १९३९, व्हर्जिनिया १९४०. गाणी सगळी एकोणिसाव्या शतकातली, पण सरकारी शिक्का बसला तो काळ्या-गोऱ्यांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या त्या काळात. जुने दिवस किती छान होते हे सरकारच गाऊन दाखवतंय म्हटल्यावर वेगळ्या शाळा हीच आपली परंपरा असं वाटायला कितीसा वेळ लागणार?

तिसरं, सगळी कडवी वाचा, मला तर हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. केंटकीच्या गाण्यात ('माय ओल्ड केंटकी होम') पहिल्या कडव्यात मळ्यावर सगळे खुशीत, पण पुढे घर सुटतं आणि शेवटी उसाच्या शेतात राबून मरायचं. स्वतः गुलामगिरीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लसनेही असल्या गाण्यांमुळे गुलामांबद्दल कळवळा जागा होतो असं लिहिलंय. पण केंटकी डर्बी या घोड्यांच्या शर्यतीला लोक गातात ते पहिलं कडवं आणि ध्रुवपद, रडणं कुणालाच नको असतं. त्यामुळे काय छापलंय आणि काय गातात हे शेजारी शेजारी ठेवून बघाच.

आणि छापील प्रत जुनी शोधा हं. त्याच पहिल्या कडव्यात काळ्यांसाठी जो हिणवणारा शब्द होता तो १९८६ मध्ये काढून तिथे नुसतं 'लोक' घातलं, त्यामुळे नवीन प्रत वाचली तर मळ्यावर नेमकं कोण राबत होतं हे कळतच नाही.