सागवानी टेबलावरचं पांढरं कडं

परभणीच्या उन्हाळ्यात सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहावं, एवढी धूळ. त्यात आजोबांच्या सागवानी टेबलावर कुणीतरी चहाचा गरम पेला टेकवला आणि पांढरं कडं उमटलं. खोबरेल तेल चोळलं. डाग तसाच, वर धूळ चिकटली ती वेगळीच.

सुतारकाका म्हणाले, "लाखेचं पॉलिश आहे ताई, वाफेचा ओलावा आत अडकलाय."

जुन्या धोतराची घडी स्पिरिटमध्ये बुडवून घट्ट पिळली, हाताला जेमतेम गार लागेल इतकीच, आणि कड्यावरून अलगद फिरवली. मधे थांबायचं नाही, लाख विरघळून कापड चिकटतं. माझं एकदा चिकटलंच! जवळ गॅस, उदबत्ती नको. तिसऱ्या हाताला कडं गेलं.

धूळ आता ओलसर फडक्यानं टिपते, लगेच कोरडं फिरवते; नुसतं कोरडं घासलं की ओरखडे पडतात.